भंगारातल्या अँबेसिडरला गंज कुठून लावायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील परभणीला ज्या सरकारी अँबेसिडरवर ड्रायव्हर होते ती पुढे लिलावात गेली आणि कितीतरी वर्षं एका भंगारवाल्याच्या आवारात उभी होती. तिचं १:२४ मापाचं मॉडेल तुम्ही खेळण्यातल्या प्लास्टिकच्या गाडीवरून बनवताय. पांढरा रंग मारून झाला, त्यावर स्पंजने तपकिरी आणि नारिंगी अ‍ॅक्रेलिक टिपून झालं, तरी गाडी "गंजलेली नाही, नुसती घाण झालेली वाटते". फोटोही पाठवलाय, आणि शेवटी विचारलंय की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन) घेतला तर जमेल का.

एअरब्रशचं आधी उरकतो. या कामासाठी घेऊ नका. त्याने रंग गुळगुळीत आणि सारखा बसतो, आणि भंगारातल्या गाडीवर सारखं असं काहीच नसतं. माझ्याकडे आहे, तरी अशा गाड्यांवर मी तो फक्त क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारायला आणि वरचा रंग द्यायला काढतो, आणि ते काम डबीतल्या स्प्रेनेही होतं, फक्त वरच्या रंगाची डबी पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रेलिकची हवी.

"घाण झालेली वाटते" हे मात्र तुम्ही बरोबर ओळखलंय. घाण वरून बसते, गंज खालून येतो. तुम्ही आधी चांगली गाडी रंगवली आणि मग तिच्यावर गंज चिकटवला. डोळ्याला हे लगेच कळतं, कारण आपण सगळ्यांनी लहानपणापासून गंजका पत्रा पाहिलेला असतो. काय चुकलं ते सांगता येत नाही एवढंच.

माझं सांगायचं तर वीस-बावीस वर्षं जालन्यात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, आता पुतण्या बघतो. म्हणजे आयुष्यभर गंज काढला आणि आता हौस म्हणून लावत बसतो. जालन्यात सळईचे कारखाने, त्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतं, त्यामुळे मेलेल्या गाड्या बघायला मला कधी लांब जावं लागलं नाही. खाली जे लिहितोय ते त्यातूनच आलंय. दुसऱ्याची पद्धत वेगळी असू शकते.

रंगाची बाटली उघडण्याआधी गाडी कुठे आणि कशी उभी होती ते ठरवा. बाकी सगळं यावर अवलंबून आहे. इंटरनेटवरचे फोटो बघून काम करणारे इथंच फसतात, कारण ते फोटो थंडी-बर्फाच्या देशांतले असतात. तिथं रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला खातं. आपल्याकडचीच तुलना करायची तर कोकण घ्या. समुद्राची खारी हवा, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पत्र्याला फोड येतात, पापुद्रे सुटतात, बोट लावलं तर आरपार जातं. मराठवाड्यात पाऊस ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उरलेले आठ महिने कोरडं ऊन. हवेतला ओलावा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडाचा गंज वेग धरतो, आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तो त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणून आपली गाडी आधी उन्हाने जाते आणि पाणी तिला सावकाश खातं.

मॉडेलवर याचा अर्थ असा की टप, बोनेट आणि डिकीचं झाकण इथं भोकं नकोत. तिथं रंग खडूसारखा पांढराफटक होतो, मग विरतो, खालचा रेड ऑक्साइड (पत्र्यावरचा लाल अस्तराचा रंग) दिसायला लागतो आणि तोही गेला की पत्र्यावर तंबाखूच्या रंगाची पातळ साय येते. ती जवळपास सपाट असते, खडबडीत नाही. खरी पडझड खाली असते, जिथं पाणी अडकतं तिथं: दरवाजांची खालची कड, दरवाजाखालची पट्टी, डिकीचा तळ, पुढच्या काचेच्या रबराखालची बाजू. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे पुढच्या चाकामागे, मडगार्ड आणि दरवाजाचा खांब यांच्यामधला खिसा. चाकाने उडालेली काळी माती तिथं वर्षानुवर्षं साठते. काळी माती पाणी धरून ठेवते, शेतकऱ्याला ते हवंच असतं, पण पत्र्याच्या ते मुळावर येतं. एकदा एका गाडीचा हा खिसा उघडला तर अर्धं घमेलं माती निघाली आणि तिच्यात ज्वारीचा कोंब आलेला. गाडी चालू होती बरं का, रोज कोर्टात जायची.

दुसरी गोष्ट, गाडीतून काय काय गेलंय. भंगारवाला पत्र्यावर जगत नाही. आधी बॅटरी जाते, शिशासाठी. मग रेडिएटर, तांब्या-पितळेसाठी. मग वायरिंग, स्टार्टर, चालू असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स, बरे असतील तर टायर. रिकामा सांगाडा मात्र लोखंडाला भाव येईपर्यंत पडून राहतो. आता बघा, इंजिन निघालं की पुढचं ओझं गेलं. अँबेसिडरला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) आणि मागे पाटे. पुढचं वजन उतरलं की नाक वर येतं. म्हणजे बोनेट उघडं आणि आत रिकामं दाखवणार असाल तर गाडी पुढून दोनेक मिलिमीटर उचललेली हवी. तुमच्या फोटोत ती शोरूममध्ये उभी असल्यासारखी सरळ आहे. एवढं एक बदललं तरी निम्मं काम होईल. चाकं ठेवणार असाल तर हवा गेलेली दाखवा. टायरचा तळ कानसने सपाट करा आणि बाजूला पुट्टीचा बारीक फुगवटा द्या. चारही चाकं सारखी बसलेली नकोत.

आता पत्रा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण खोटेपणा सगळ्यात जास्त इथं उघडा पडतो.

आधी खेळण्याचं खरं माप काढा. अँबेसिडर ४३२५ मिलिमीटर लांब, १६६२ रुंद, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर २४६४. १:२४ मध्ये हे आकडे साधारण १८०, ६९ आणि १०३ होतात. खेळण्याच्या चाकांमधलं अंतर मोजा आणि २४६४ ला त्याने भागा. उत्तर २६ आलं तर तुमची गाडी १:२६ ची आहे. काही बिघडत नाही, फक्त मग विटा, डबे, माणूस, सगळं त्याच मापाने करा. रुंदी-उंची थोडी इकडेतिकडे असणारच, खेळण्याला ते माफ आहे.

गॅरेजमध्ये आम्ही २० गेजचा पत्रा वापरायचो, म्हणजे जवळपास ०.९ मिलिमीटर. त्याला २४ ने भागलं तर ०.०४ सुद्धा येत नाही. तुमच्या खेळण्याचं प्लास्टिक दीड ते दोन मिलिमीटर जाड असेल. खऱ्या गाडीच्या हिशेबात तो साडेतीन ते पाच सेंटीमीटर जाडीचा पत्रा झाला, रणगाड्याला शोभेल असा. त्यात तुम्ही भोक पाडलंय आणि भोकाच्या कडेला ती जाडी दिसतेय. मग वर कितीही चांगला रंग द्या, डोळा म्हणतो हे प्लास्टिक.

म्हणून जिथं भोक हवंय तिथं आतल्या बाजूने खरवडा. कटरचं पातं आडवं धरून, थोडं थोडं, घाई न करता. मधूनमधून मागे मोबाइलचा टॉर्च धरा. प्लास्टिक कांद्याच्या पातीसारखं उजेड सोडायला लागलं की थांबा. मग बाहेरून सुईने टोचा आणि कडा उंदराने कुरतडल्यासारख्या तोडा. गोल भोक कधीच नको. गंज घडीच्या आणि जोडाच्या रेषेने खात जातो, त्यामुळे भोकं आडवी, लांबट आणि एका ओळीत असतात. दरवाजाची अख्खी खालची कडच गेलेली दाखवायची असेल तर तो भाग कापून टाका आणि गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी आतून चिकटवून तिच्या चिंध्या करा. खऱ्या मापाच्या जवळ जाणारं इतकं पातळ घरात फारसं काही मिळत नाही.

पोचे पाडायचे तर गरम चमच्याची पाठ. लांबूनच तापवा, प्लास्टिक बसायला लागलं की दाबा. एक तुकडा आधी वाया घालवा.

रंगाचा क्रम आता उलटा करा. सगळ्यात खाली गंज, त्यावर रेड ऑक्साइड, सगळ्यात वर पांढरा, आणि मग वरचे दोन जागोजाग उडवायचे. मी करतो ते सांगतो. आधी गंजाच्या जागांवर काळपट तपकिरी रंग. अर्धवट सुकला की स्पंजच्या फाटक्या तुकड्याने जरा उजळ तपकिरी, मग त्याहून उजळ. नारिंगी सगळ्यात शेवटी आणि चिमूटभर. नारिंगी हा ताज्या गंजाचा रंग आहे, आठ दिवसांपूर्वी पाऊस पडून गेल्याचा. वीस वर्षांचा गंज गडद असतो, पापुद्र्याखाली तर काळाच. तुमच्या फोटोत नारिंगी निम्म्या गाडीवर आहे, म्हणून ती मला तरी होळी खेळून आल्यासारखी दिसली. रागावू नका.

पोतासाठी महागड्या पावडरी मागवायची गरज नाही. किराणा दुकानातला गेरू घ्या, मिळाली तर पिवडी (पिवळी माती) घ्या. दोन्ही लोखंडाच्याच माती आहेत. रंग जुळवायला नको, तो जुळलेलाच असतो. फक्त मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. १:२४ मध्ये कणाची जाडी दशांश मिलिमीटर असली तरी ती खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरची खपली होते. कुठं कुठं ती हवीच, सगळीकडे नको.

हे झालं की लॅकरचा क्लिअर मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी साध्या हेअरस्प्रेचे दोन हात, पंधरा मिनिटं थांबा, मग पातळ करून रेड ऑक्साइडच्या रंगाचं अ‍ॅक्रेलिक, त्यावर पुन्हा हेअरस्प्रे आणि शेवटी पांढरं अ‍ॅक्रेलिक. वीस-तीस मिनिटांनी कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशने घासायला लागा. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा रंग सुटतो आणि त्याच्या कडा अशा फाटतात की हाताने रंगवून तशा जमणार नाहीत. पांढऱ्या आणि तपकिरीच्या मधे लाल रंगाची केसाएवढी रेघ उरली की समजा जमलं. वरचे रंग पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रेलिकच हवेत. इनॅमल किंवा डबीतला लॅकर वर मारला तर ब्रशने काही उखडत नाही, हे मला दोन गाड्या बिघडवल्यावर कळलं. आणि एक दिवस ठेवून घासू म्हणाल तर अ‍ॅक्रेलिकही हट्टाला पेटतं.

दोनदा हेअरस्प्रे करायची भीती वाटत असेल तर सगळ्या गाडीवर एकदाच करा आणि फक्त दरवाजांवर दोनदा. बघणारा आधी दरवाजेच बघतो.

पांढरा रंगही निव्वळ पांढरा घेऊ नका, थेंबभर मातकट मिसळा. सरकारी गाडी असल्यामुळे तुम्हाला एक फायदाही आहे. लिलावाआधी "महाराष्ट्र शासन" ही अक्षरं खोडतात, आणि उन्हाने भोवतालचा रंग विटला तरी अक्षरांखालचा तेवढा विटत नाही. एवढ्या लहान मापात अक्षरं काढू नका, पण तिथं आडवी, जरा स्वच्छ पांढऱ्या रंगाची पट्टी ठेवा. ज्याने अशा गाड्या पाहिल्यात तो ती पट्टी वाचेल.

गाडीने कधी धक्का खाल्ला असेल तर एका मडगार्डवर पुट्टी दाखवा. पुट्टीखाली गंज शिरला की ती भिंतीच्या गिलाव्यासारखी अख्खा तुकडा सुटून पडते, कडा जाड आणि सरळ. पत्र्याच्या गंजात आणि या पडझडीत हा फरक आहे आणि आमच्यासारख्यांना तो लांबूनही दिसतो. करड्या पुट्टीचा पातळ थर द्या, सुकला की पात्याच्या टोकाने एक कोपरा उचकटून काढा.

आता खऱ्या गंजाबद्दल, कारण कुणीतरी तुम्हाला हे सुचवणारच. लेथवरचा बारीक लोखंडी कीस फेविकॉलमध्ये लावायचा आणि त्यावर व्हिनेगर आणि मिठाचं पाणी मारायचं. एका रात्रीत खराखुरा गंज येतो, कारण तो गंजच असतो. मीही एक टेम्पो असा केला होता. इतका भारी दिसला की काचेच्या पेटीत ठेवला. पुढच्या श्रावणात पेटी पुसायला घेतली तर पांढऱ्या केबिनवरून तपकिरी आसवं ओघळून खालच्या मातीपर्यंत आलेली. मीठ धुवून काढलं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढत राहिलं आणि गंज वाढत राहिला. तुमच्या या गाडीवर तो प्रयोग नको. खाली मातीत पडलेल्या नट-बोल्टना करायचा असेल तर करा, नंतर साध्या पाण्याने धुवून क्लिअर मारा. आणि व्हिनेगरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून बाटलीत भरून ठेवू नका. ते मिश्रण डोळ्यांना आणि फुप्फुसांना चावतं.

हवामान कामाच्या टेबलावरही असतंच. मे महिन्यात पारा ४२ वर असताना दुपारी स्प्रे मारला तर अ‍ॅक्रेलिक पत्र्यावर पोचायच्या आत सुकतं आणि भुकटीसारखं बसतं. सकाळी सातच्या आत मारा. उलट भर पावसाळ्यात लॅकर क्लिअर धुरकट पांढरा पडतो. तेव्हा मी खरवडण्याचं आणि तोडफोडीचं काम काढतो, क्लिअरचं लांबवतो.

गंज कुठून वाहतो हे शेवटचं मोठं काम. त्यासाठी चित्रकाराचे ऑइल कलर घ्या, बर्न्ट सियेना आणि रॉ अंबर, हे दोन तपकिरी. अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवा म्हणजे तेल शोषलं जातं. गाडीवर आधी क्लिअर मारलेला हवा, नाहीतर टर्पेंटाइन खालचा रंग हलवतं. गंजाच्या जागेवर सुईच्या टोकाएवढा ठिपका आणि टर्पेंटाइनने ओलसर ब्रश वरून खाली, एकाच दिशेने. ओघळ पाच-सात मिलिमीटरच्या पुढे शक्यतो नेऊ नका. कुठं द्यायचे? जिथं स्क्रू आहे, जोड आहे, पन्हळीचं टोक आहे तिथं. मधल्या सपाट पत्र्यातून ओघळ निघत नाही.

आणि जे गंजत नाही त्याला गंज लावू नका. रबर, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम. मागच्या दिव्याची लाल काच विटून गुलाबी होते. बंपर क्रोमचा असतो, त्याच्यावर डाग नाहीत, सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके पडतात आणि खालच्या कडेला ते एकमेकांत मिसळतात. दरवाजाच्या काचा फुटल्या असतील तर सीटवर साखरेएवढे चौकोनी दाणे. पुढची काच लॅमिनेटेड (मधे पातळ पडदा असलेली) असेल तर मात्र तडकलेली, फ्रेममध्येच.

धूळ सगळ्यात शेवटी, आणि तिच्यावर क्लिअर नको, धूळ दिसेनाशी होते. शेतातली काळी माती तव्यावर भाजून मलमलमधून गाळा. सुकल्यावर ती काळी राहत नाही, करडी होते, आणि तेच हवंय. पावसाचे शिंतोडे खऱ्या गाडीवर फूटभर उंच जातात, म्हणजे तुमच्याकडे बारा-तेरा मिलिमीटर. त्याच्या वर मातीचा पट्टा गेला तर गाडी नाल्यातून काढल्यासारखी दिसेल. चाकाशेजारी गाजर गवत लावायचं असेल तर कोथिंबिरीच्या वाळलेल्या मुळ्या चांगल्या दिसतात.

आताची गाडी फेकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने अ‍ॅक्रेलिक बहुतेक निघून येईल, आधी खालच्या बाजूला थेंब टाकून प्लास्टिक टिकतं का ते बघा. दीड-दोन महिन्यांचं काम आहे, रोज तासभर धरला तर.

पण सुरू करण्याआधी एक संध्याकाळ वडिलांना समोर बसवा. गाडीवर दिवा होता का ते विचारा. असेल तर टपावर त्याच्या स्क्रूची भोकं हवीत, आणि तुमच्या गाडीच्या टपावरचा एकमेव ओघळ तिथून निघेल. कुठल्या मडगार्डला मार लागला होता, कुठल्या दरवाजाला आतून लाथ मारल्याशिवाय उघडायची सवय नव्हती, तेही विचारा. आणि सीटचं. पुढची सीट बाकासारखी सलग असेल तर ड्रायव्हरच्या जागेची स्प्रिंग दबून खड्डा पडतो. मी उघडलेल्या बहुतेक गाड्यांत तो दरवाजाच्या बाजूला असायचा, पण तुमच्या वडिलांच्या गाडीत तो कुठे होता हे फक्त त्यांना माहीत असेल. तेवढा खड्डा रबर कोरून करा, रेक्झिन फाडा आणि आतला काथ्या बाहेर काढा.